पाचट अंथरलं तो उन्हाळा

होळी होऊन चार दिवस झाले की आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत पाचटाचा टेम्पो येतो. टेम्पो दिसण्याआधी वास येतो. उसाच्या वाळलेल्या पानांचा कोरडा, किंचित गोडसर वास, नाकात धूळ जाऊन शिंक येईल असा. मागच्या आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून उभी होते, तो वास आला आणि दूध उतू गेलं. ओटा पुसताना मला स्वतःचाच राग आला. पासष्टीची बाई मी, सबंध नोकरी मुलींना गणित शिकवण्यात गेलेली, आणि वाळक्या पानांच्या वासानं माझे हात गळून जातात म्हणजे काय.

इथला उन्हाळा ज्यांनी काढलेला नाही त्यांना पाचटाचं महत्त्व सांगून कळायचं नाही. मार्च सरता सरता जमीन तडकायला लागते. सकाळी दहालाच अंगणातली फरशी पायाला चटका देते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा, आणि येईल तेव्हा हातातलं लाटणं टाकून मोटर लावायला पळायचं. अशा गावात घरापुढे झाडं लावणं म्हणजे शुद्ध हट्ट. पण आमच्या गल्लीत तो सगळ्यांनाच आहे. प्रत्येकाच्या कुंपणाच्या आत दोन-चार वाफे आहेतच, आणि मे महिन्यात ते वाफे बघवत नाहीत. मग कुणीतरी कैलासला शोधून आणलं.

कैलास मूळचा खुलताबादकडचा. वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर होता. ते काम सुटलं, तशी त्यानं मुकुंदवाडीत खोली घेतली आणि नवरा-बायको दोघंही बागकामाला लागले. त्याच्या टेम्पोच्या मागं लाल अक्षरांत रंगवलंय, 'लॉन, मल्चिंग, बाग देखभाल'. मल्चिंग हा शब्द तो अशा थाटात उच्चारतो की पहिल्यांदा मला वाटलं, हा काही मशीन बसवणार आहे. निघालं काय, तर पाचट.

"पाचट म्हणू नका काकू," तो म्हणाला होता. "पाचट शेतात ऱ्हायतं. बंगल्यात आलं की मल्चिंग."

काम मात्र दोघं देखणं करतात. आदल्या संध्याकाळी वाफे भिजवून ठेवायला सांगतात. सकाळी दुरपदा, म्हणजे त्याची बायको, खुरपं घेऊन बसते आणि लव्हाळा गाठीसकट उपसून काढते. गाठ राहिली तर तो पाचटातूनही डोकं वर काढतो. मग उधई लागू नये म्हणून मातीवर निंबोळी पेंड टाकायची. कडेनं विटा तिरप्या रोवायच्या. त्यानंतर बारीक कुट्टी केलेलं पाचट पाट्यांनी आणून पसरायचं, सगळीकडे सारखं, चार बोटं जाड. कैलास खरंच बोटं घालून मोजतो. शेवटी वरून पाण्याचा हलका फवारा मारून तळहातानं दाबत जायचं, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. काम संपतं तेव्हा तडकलेली जमीन दिसेनाशी होते आणि मोगरा, जास्वंद, कर्दळ सगळे एका सोनेरी गादीवर उभे दिसतात. त्या दिवशी गल्लीतल्या बायका एकमेकींच्या फाटकाशी थांबून बघतात. मीही बघितलंय. मला फार बरं वाटलं होतं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ह्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. 'अगं.' आयुष्यभर मला ज्या शब्दानं हाक मारली तो तेवढा राहिला, बाकीचे सगळे गेले. डॉक्टर म्हणाले, ह्यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. समजतं सगळं, हे ऐकून मी आनंदून गेले होते. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

भूक लागली, अगं. पंखा नको, अगं. उशी टोचतेय, अगं. मी आपली एकामागून एक विचारत सुटायची. पाणी? चहा? आत जायचंय? पाय दुखतोय? बरोबर उत्तर आलं की हे डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, मी ह्यात तरबेज झालेय. पाहुण्यांसमोर मी ह्यांची वाक्यं पुरी करून दाखवायची. "त्यांना म्हणायचंय की तुम्ही जेवूनच जा." कदाचित त्यांना म्हणायचं असेल की हे लोक एकदाचे जाऊ देत.

आमच्या अंगणातल्या बाकीच्या वाफ्यांशी ह्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. मोगरा माझा, कर्दळ माझी. ह्यांची एकच गोष्ट होती, कोपऱ्यातली मोसंबी. हे पैठणकडच्या शेतकऱ्याघरचे. घरची मोसंबीची बाग होती. एका दुष्काळात ती वाळली, आणि भावांनी सरळ मुळापासून काढून तिथं कापूस घेतला. हे तेव्हा नोकरीत होते, कालव्याच्या कामावर. गावी गेले, मोकळं रान बघून आले, आणि मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. पुढं हे घर बांधलं. जोत्याचं काम चालू असतानाच एका रविवारी रोपवाटिकेतून कलम घेऊन आले. भिंती उभ्या राहायच्या आधी आमच्या प्लॉटवर मोसंबी उभी होती.

त्या झाडाबद्दल हे इतकं बोलायचे की मी ऐकणं सोडून दिलं होतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. संसारात एक वेळ अशी येते की नवऱ्याचं ठरावीक बोलणं सुरू झालं की बाईचे कान आपोआप मिटतात आणि तोंड 'हूं, हूं' करत राहतं. हे पाडव्याच्या आसपास बुंध्याशी उकिडवे बसायचे, दोन्ही हातांनी माती मागं ओढायचे, मग डब्यात चुना आणि मोरचूद कालवून तो निळसर लेप ब्रशनं बुंध्याला फासायचे. मी शेजारी वाळवणं घालत असायची.

"हे बघ, इथं जोड हाय," हे म्हणायचे. घरात शुद्ध बोलणारा माणूस झाडाशी बसला की गावचा व्हायचा. "खाली जंबेरी लिंबाचा खुंट, वर मोसंबी. हा जोड कधी झाकायचा नाय. वारं लागू द्यायचं त्याला. ऐकायलीस का?"

"हूं," मी म्हणायची.

आता मला त्या 'हूं'ची चीड येते. इतक्या वर्षांत किती वेळा सांगितलं असेल. वर्गात एखादी मुलगी असं 'हूं' म्हणाली असती तर मी तिला बाकावर उभी केली असती.

तर त्या वर्षी पाडवा आला आणि गेला. बुंध्याशी कुणी बसलं नाही, लेप लागला नाही, मला आठवलंही नाही. माझा दिवस ह्यांना उठवण्यात, पुसण्यात, भरवण्यात संपायचा. ऊन वाढलं तशी मोसंबीची पानं दुपारी वळायला लागली आणि मी घाबरले. ह्यांचं झाड ह्यांच्या डोळ्यांपुढं वाळलं तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ह्यांना वाचवणं माझ्या हातात नव्हतं. झाड वाचवणं होतं, असं मला वाटलं. मी कैलासला बोलावलं.

सकाळी आठलाच दोघं आली. मी ह्यांची खुर्ची व्हरांड्यात, अंगणाकडे तोंड करून ठेवली होती. मला वाटलं, बघतील, करमणूक होईल. वाफे एकेक करून झाले. हे शांत बसून बघत होते. मग मी कैलासला मोसंबी दाखवली आणि म्हणाले, "हे काकांचं झाड आहे. ह्याला जरा जास्त टाक."

"तुम्ही कायबी काळजी करू नका," कैलास म्हणाला. "आमच्याकडं अद्रकीला भर लावतेत ना, तशी भरच लावून देतो. लई गार ऱ्हायतं बुडाला."

त्याच्या गावाकडे सगळी आल्याची शेती. आलं वाढायला लागलं की त्याच्या बुडाशी माती चढवत जायची, एकदा, दोनदा. जितकी भर चांगली तितका कंद पोसतो. बापाबरोबर लहानपणापासून त्याच्या हातांनी हेच केलेलं. त्यानं मोसंबीच्या बुंध्याभोवती पाचट टाकलं, दाबलं, वर आणखी पाटी ओतली, पुन्हा दाबलं. चार बोटांवर आज तो थांबला नाही, कारण मीच जास्त टाक म्हणाले होते. बुंधा गुडघ्यापर्यंत दिसेनासा झाला. वर कढईसारखा खोलगट आकार देऊन तो म्हणाला, पाणी इथं घालत जा, सगळं बुडाला जाईल.

"अगं," हे म्हणाले.

मी पाणी आणलं. ह्यांनी डाव्या हातानं ग्लास ढकलला. पाणी माझ्या साडीवर सांडलं.

"अगं. अगं." डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. मी विचारत सुटले. ऊन लागतंय? पंखा? बाथरूमला जायचंय? ही माणसं नकोत? दर प्रश्नाला हात आणखी जोरात आपटत होता. दुरपदानं डोक्यावरची पाटी तशीच धरून आमच्याकडे बघितलं आणि मग नजर खाली केली. मला लाज वाटली. ह्यांची नाही, माझी. आपल्या माणसाला काय हवंय हे आपल्याला कळत नाही आणि ते परक्या माणसांसमोर उघडं पडलंय, ह्याची. मी म्हणाले, "अहो, काम करू द्या की त्यांना. तुमच्याच झाडाचं चाललंय." आणि मी ह्यांची खुर्ची फिरवली. अंगणाकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

थोडा वेळ आवाज येत राहिला. मग थांबला. मला वाटलं, शांत झाले.

पुढचे दोन महिने मी त्या झाडाची जेवढी सेवा केली तेवढी कुणी केली नसेल. बाकीच्या वाफ्यांना धुण्याचं पाणी एकेक बादली. मोसंबीला दोन, आणि तेही ह्यांच्या आंघोळीचं. मला त्यात काहीतरी पवित्र वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू. पाचट वरून सोनेरी, आत हात घातला तर गार आणि ओलं. बाहेर लोक टँकरच्या रांगेत, आणि माझ्या झाडाच्या बुडाशी ओलावा. मी हात बाहेर काढून ह्यांच्या गालाला लावून दाखवायची. "बघा, किती गार." हे माझ्याकडे बघत राहायचे.

ते बघणं मला अजून आठवतं. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पाऊस सुरू झाल्यावर पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. मला वाटलं उन्हानं दमलंय, सुधारेल. शेंड्याकडच्या डहाळ्या वाळल्या. मी आणखी पाचट मागवलं आणि कमी झालेल्या ढिगावर स्वतःच्या हातानं ओतलं. श्रावणात कैलास कर्दळीची छाटणी करायला आला, तेव्हा त्याचं लक्ष गेलं. तो बुंध्याशी बसला आणि ढीग उपसायला लागला. आतलं पाचट काळं, चिकट झालं होतं. आंबूस वास सुटला. बुंध्यावर तपकिरी डिंकाचे ओघळ थिजले होते. त्यानं अंगठ्यानं साल दाबली तर अंगठा आत गेला. तो बुंध्याभोवती गुडघ्यांवर सरकत चारी बाजूंनी दाबून आला आणि मातीत बसला.

"सगळीकडून कुजलंय काकू," तो म्हणाला. अंगठा मातीत पुसला. "मी अद्रकीवानी केलं. हे कलम हाय, हे माझ्या ध्यानातच नाय आलं. कलमाचा जोड झाकला मी."

जोड. हा शब्द मी कितीदा ऐकला होता ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पायाखालची फरशी ओली होती, मी तिथंच पायरीवर बसले. माझी जीभ तशी तिखट आहे, चूक करणाऱ्याला मी सोडत नाही हे गल्लीला माहीत आहे. कैलासला बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

तरी आम्ही धडपड केली. माळ्यावर ह्यांचा लेपाचा डबा सापडला. झाकणावर ह्यांच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता, 'मोसंबी. बुंधा. वर्षातून दोनदा. जोड उघडा ठेवणे.' इतकी वर्षं तो डबा माझ्या पापडाच्या पिंपाशेजारी होता. कैलासनं कुजलेली साल कोयत्यानं तासली, चुना-मोरचूद कालवून फासला. दुरपदा सुकलेला ब्रश पाण्यात भिजवत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तिला कशाचं रडू आलं मी विचारलं नाही. पण झाडाची साल चारी बाजूंनी गेली की वरचं झाड तगत नाही. गणपती उठले तेव्हा फांद्यांवर एक पान नव्हतं. लिंबाएवढी दहा-बारा फळं तशीच वाळून लटकत होती.

ज्या दिवशी ढीग उपसला त्या दुपारी मी ह्यांच्यापुढं जाऊन बसले. विचारलं, "त्या दिवशी तुम्ही हेच सांगत होतात ना?"

ह्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं," म्हणाले.

ते 'हो, तेच' होतं, का 'जाऊ दे' होतं, का नुसतीच तहान लागली होती, मला आजतागायत कळलेलं नाही. मी आपली पाणी घेऊन आले. हे ते प्यायले.

माणूस बोलत असतो तेव्हा आपण ऐकत नाही आणि तो बोलायचा थांबला की त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसतो, ह्यात नवीन काही नाही, सगळ्या घरांत हेच चालतं. मला सलते ती खुर्ची. न कळणं माफ होईल. पण कळत नाही म्हणून मी त्या माणसाचं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर मी ह्यांची वाक्यं पुरी करणं सोडलं. आता कुणी आलं की ह्यांच्या 'अगं'नंतर खोलीत शांतता पसरते, पाहुणे अवघडतात, घड्याळ ऐकू येतं. मी गप्प राहते. गप्प राहून काही कळतं असंही नाही.

गेले दोन उन्हाळे मी टेम्पो फाटकावरून जाऊ दिला. मोगरा अर्धा गेला. कर्दळ भाजली. ह्यांची खुर्ची मात्र रोज व्हरांड्यात अंगणाकडे तोंड करून असते, समोर मोसंबीचा हातभर उंच खोडका. कापताना मी तेवढा ठेवायला सांगितला होता. का, ते मला विचारू नका.

या फेब्रुवारीत त्या खोडक्याला खालून, जमिनीलगत, फूट आली. हिरवीगार, काटेरी, जोमदार. मला वेड्यासारखा आनंद झाला. कैलासला फोन करून बोलावलं. त्यानं वाकून बघितलं आणि मान हलवली.

"ही मोसंबी नाय काकू. खालचा खुंट फुटलाय, जंबेरी. ह्याला फळ येईल पण आंबटढोण, कामाचं नाय. काका असते तर..." तो चपापला, कारण काका समोरच बसले होते. "म्हंजे, काकांनी असली फूट ठिवलीच नसती."

खरंच होतं ते. खुंटाची फूट दिसली की हे अंगठ्यानं मोडून टाकायचे, दरवर्षी. इतकं मात्र माझ्या कानांवरून न जाता आत राहिलं होतं.

आज सकाळी तो पाचट घेऊन आला आहे. दूध उतू गेलं त्या दिवशीच मी त्याला सांगून टाकलं होतं. दुरपदानं लव्हाळा उपसलाय, पेंड टाकलीय. मोगऱ्याचा वाफा झाला, जास्वंदीचा झाला. कैलास आता प्रत्येक झाडाच्या बुडाशी वीतभर जागा मोकळी सोडतो, जिथं गरज नाही तिथंही, कर्दळीलासुद्धा. मी सांगितलेलं नाही, तोही काही बोललेला नाही. शेवटी तो खोडक्याशी आला. त्याच्या हातात कात्री होती.

"काढू का ठिवू?" त्यानं विचारलं. मला नाही. ह्यांच्याकडे बघून विचारलं.

मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभी होते. फुटीची चांगली सात-आठ पानं उन्हात चमकत होती. ती फूट ह्यांची नाही. पण ह्यांच्या झाडाच्या मुळांवर जिवंत आहे तेवढी तीच. मला काय हवंय ते माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मी ओठ मिटून घेतले.

"अगं," हे म्हणाले.

कैलासचा हात थांबला. दुरपदानं डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली. मी काही विचारलं नाही. ऊन वाढत होतं, आणि आम्ही तिघंही ह्यांच्याकडे बघत उभे राहिलो.